किनाऱ्यास लागलेले जहाज

मनुष्यास अखंड वस्तूपेक्षा भग्न वस्तू पाहण्याची हौस अधिक असते. बंदरात व्यवस्थित नांगरलेले जहाज पाहण्यासाठी कोणी चार कोसांची वाट वाकडी करीत नाही. परंतु तेच जहाज वादळात सापडून खडकावर चढले, एका कुशीवर कलले, त्याच्या पत्र्यांस गंज लागून समुद्राचे पाणी त्यातून आत-बाहेर करू लागले, म्हणजे त्याच्या दर्शनास माणसांची रीघ लागते. पूर्वी ही माणसे नुसती पाहून परतत. आता ती छायाचित्र घेऊन परततात. या हौसेत काही दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठे आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवणे बरे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. त्याच दिवशी रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे 'बसरा स्टार' नावाचे एक जहाज वाऱ्यापुढे टिकाव न लागून भरकटत आले आणि तेथील धूपप्रतिबंधक बंधाऱ्याशी अडकून बसले. जहाजावरील तेरा खलाशांस सुखरूप बाहेर काढण्यात आले. जहाज मात्र निघाले नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले तरी ते तेथेच गंजत राहिले, आणि पाहता पाहता ते रत्नागिरीच्या प्रेक्षणीय स्थळांपैकी एक होऊन बसले. कोल्हापूर, गडमुडशिंगी या बाजूची आम्ही घाटावरची मंडळी आंबा घाट उतरून रत्नागिरीस जातो ती बहुधा देवदर्शनास किंवा समुद्र पाहावयास. या वर्षांत अशा कित्येक मंडळींच्या फेरीत मिऱ्याच्या जहाजाची भर पडली. त्याच्यासमोर उभे राहून मुलाबाळांसह छायाचित्रे काढावी, सूर्य त्याच्या डोलकाठीमागे जाईपर्यंत थांबून आणखी एक काढावे, आणि घरी येऊन ती आप्तेष्टांस दाखवावी, असा क्रम सुरू झाला. आपल्या भाषेत नाव किनाऱ्यास लागणे हा कृतार्थतेचा शब्दप्रयोग आहे. या जहाजाने तो अक्षरशः खरा करून त्याचा अर्थ मात्र उलटा केला.

नीतीच्या नावाने बोलणाऱ्यांपाशी अशा प्रसंगी एक उत्तर तयार असते. हल्लीचे लोक उथळ झाले, हातात यंत्र आले आणि डोळ्यांतील गांभीर्य गेले, असे ते म्हणतात. हे उत्तर पटण्याजोगे नाही. यंत्रास दोष देणे कोल्हापूरच्या माणसास तर मुळीच शोभणार नाही. कारण ज्या नगरीत बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा सिद्ध करून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या नगरीस चित्र घेण्याची विद्या परकी नाही. आणि हौस म्हणाल तर ती यंत्राहून फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन कवी ल्युक्रेशियस याने आपल्या तत्त्वकाव्यात याच अनुभवास हात घातला आहे. भर समुद्रात वादळाशी झगडणाऱ्याकडे सुरक्षित काठावरून पाहण्यात एक प्रकारचे सुख असते, असे त्याचे निरीक्षण आहे. आणि हे सुख दुसऱ्याच्या दुःखाचे नसून आपण त्या संकटातून वाचलो आहोत या जाणिवेचे आहे, असा त्याने खुलासाही केला आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसासही काठावर उभे राहून पाहावेसे वाटत होते, आणि त्या वाटण्याची त्यास थोडी लाजही वाटत होती. एरवी खुलाशाची गरज काय?

आपल्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न अधिक सूक्ष्मपणे हाताळला आहे. करुण आणि भयानक यांपासून आनंद कसा होतो, हा त्या शास्त्रातील जुना वाद होय. भट्टनायकाने त्याच्या उलगड्यासाठी साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्ताने ती आपल्या परीने पुढे नेली. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणास भिऊन पळणाऱ्या हरिणाचे जे वर्णन आहे, तेच उदाहरण अभिनवगुप्त घेतो. ते ऐकताना रसिकास भय जाणवते. परंतु 'मी भ्यालो', 'माझा मित्र भ्याला' किंवा 'माझा शत्रू भ्याला' अशा कोणत्याही नात्याने ते भय बांधलेले नसते. ते हरीण अमुक रानातील, अमुक दिवशीचे असे राहत नाही. देश, काल आणि व्यक्ती यांच्या गाठी सुटतात, आणि त्या सुटल्या म्हणूनच भयाचा आस्वाद घेता येतो.

मिऱ्याच्या काठावर छायाचित्र घेणारा मनुष्य नकळत हेच करीत असतो. चौकट धरताना तो थोडा डावीकडे सरकतो, म्हणजे बंधाऱ्याचे विस्कटलेले दगड चित्रात येत नाहीत. थोडा खाली वाकतो, म्हणजे मागची घरे दिसत नाहीत. उरते ते जहाज, आकाश आणि लाट. ते कोणाचे, कोठून आले, त्यावरील माणसे कोठे गेली, ते कोणत्या गावाच्या उरावर बसले आहे, हे सारे चौकटीबाहेर राहते. 'बसरा स्टार' हे नाव गळून पडते आणि 'एक भग्न जहाज' एवढीच प्रतिमा शिल्लक राहते. चित्र सुंदर होते ते याच कारणाने. यात घेणाऱ्याची सौंदर्यदृष्टी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु रंगभूमीवर जे साधारणीकरण निर्दोष असते ते समुद्रकाठी तसे असेलच असे नाही. नाटकात ते निर्दोष असते, कारण पडदा पडल्यावर मेलेला नट उठून घरी जातो. कारण ती कथा आस्वादासाठीच रचलेली असते. आणि कारण प्रेक्षकाच्या आनंदाने कोणाचे देणे थकत नाही. शकुंतलेच्या दुःखाचा हिशेब आज कोणी कोणाकडे मागणार नाही. काठावरच्या जहाजाचे हिशेब मात्र मिटलेले नसतात. त्याचा कोणीतरी धनी असतो व तो बहुधा दूर असतो. कोणाचे तरी नुकसान चालू असते व तो मनुष्य बहुधा जवळ असतो. अशा वस्तूच्या गाठी मनाने सोडून टाकल्या, म्हणजे रस उत्पन्न होतो हे खरे. परंतु त्याच क्षणी धनी, नुकसान सोसणारा आणि दोघांमधील देणे ही तिन्ही दृष्टीआड होतात. आमच्या मते दोष असलाच तर तो येथे आहे. आनंद होणे हा अपराध नसून, ज्या आनंदास नाट्यगृहाचा परवाना आहे तो परवाना घेऊन दुसऱ्याच्या अंगणात शिरणे हा अपराध आहे.

दुसऱ्याचे अंगण हा शब्द आम्ही अलंकारासाठी वापरलेला नाही. मिऱ्याच्या किनाऱ्यास समुद्राची धूप ही जुनी पीडा आहे. पावसाळी उधाणाचे पाणी आत शिरू नये म्हणूनच तेथे बंधारा घातलेला. अडकलेले जहाज लाटांबरोबर त्याच बंधाऱ्यावर आदळत राहिले, आणि ते हलवावे अशी मागणी गावकरी करीत राहिले. ज्या दृश्यासाठी प्रवासी थांबत होता, त्याच दृश्याने गावकऱ्याची झोप उडत होती. गोव्यात याहून मोठा प्रसंग आधीच घडून गेला होता. ६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिज वाहून नेणारे, सुमारे २४० मीटर लांबीचे जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. ते हलविण्याच्या खटपटी, वाद आणि निविदा यांत जवळजवळ एक तप निघून गेले. तेवढ्या काळात किनाऱ्याची वाळू वाहून चालल्याची तक्रार स्थानिक लोक करीत होते, आणि तेवढ्याच काळात ते जहाज सूर्यास्ताच्या असंख्य चित्रांची पार्श्वभूमी झाले. ज्याने चित्र नेले त्याने वाळू नेली नाही, हे उघड आहे. तथापि वाळू जात असताना ती जात आहे हे त्याच्या चित्रात कोठेच नव्हते, हेही तितकेच उघड आहे.

या दोन्ही ठिकाणी निदान मृत्यूची छाया नव्हती. जेथे ती होती तेथील उदाहरण मन अस्वस्थ करणारे आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्ता कॉन्कोर्दिया' हे प्रचंड प्रवासी जहाज खडकास घासून फुटले आणि बेटाच्या काठाशी आडवे झाले. त्यावर चार हजारांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी बत्तीस दगावली. जहाज तेथून हलविण्यास २०१४ चा जुलै महिना उजाडला. मधल्या अडीच वर्षांत लहानशा त्या बेटावर केवळ जहाज पाहण्यासाठी माणसे येत राहिली, चित्रे घेत राहिली. पुढे ते जेनोवा बंदरात नेऊन तोडण्यास घेतले, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यातून अखेरच्या बेपत्ता माणसाचा देह मिळाला. तो जहाजावर नोकरीस असलेल्या एका भारतीयाचा होता. म्हणजे जिल्योच्या काठावर उभे राहून चित्र घेणारा प्रत्येक जण, त्यास ठाऊक असो वा नसो, एका न झालेल्या अंत्यविधीचे चित्र घेत होता; आणि आपल्या देशात कोणाचे तरी घर त्या अडीच वर्षांत निरोपाची वाट पाहत होते.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. असे असेल तर पन्हाळ्यास जाऊन पडक्या तटाचे चित्र घेणाराही दोषी ठरावयास हवा. कारण तेथेही माणसे मेली, तेथेही विध्वंस झाला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा जमीनदोस्त केला, आणि आज त्या अवशेषांपाशी आपण मुलांस हसतमुखाने उभे करतो. मग मिऱ्याने काय पाप केले? पुष्कळ जण याचे उत्तर काळ असे देतील. पुरेसा काळ लोटला म्हणजे दुःखाचे इतिहासात रूपांतर होते, असे म्हणतात. परंतु नुसत्या काळाने हे होत नाही. पन्हाळ्याच्या पडझडीचा हिशेब कोणीतरी लिहिला, कोणीतरी शिकविला, वाटाड्याने तो सांगितला. म्हणून ती जागा सर्वांची झाली. तेथील साधारणीकरण विस्मरणातून आलेले नसून सांगण्यातून आलेले आहे. जे सांगितलेच गेले नाही त्यास शंभर वर्षे लोटली तरी ते कोणाचे तरी खाजगी दुःखच राहते.

याची साक्ष 'रामदास' बोट देते. १७ जुलै १९४७ रोजी, अमावास्येच्या तोंडावर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले होते, आणि अलिबागच्या आसपासच्या कित्येक घरांत त्या वर्षी उत्सवाऐवजी सुतक होते. या बोटीचा सांगाडा कोणत्याही किनाऱ्यावरचे प्रेक्षणीय स्थळ झाला नाही. त्यामुळे तिच्यासमोर उभे राहून कोणी चित्र घेतले नाही, आणि कुलाब्याची जुनी पिढी सोडली तर तिचे नावही आज फारसे कोणाच्या ओठी येत नाही. ज्या जहाजावर एकही जीव गेला नाही त्याची चित्रे घरोघर, आणि ज्या बोटीने शेकडो संसार बुडविले तिचे एकही नाही. चित्रांच्या संख्येवरून दुःखाचे वजन करू जाणाऱ्याची कशी फसगत होते, हे यावरून ध्यानात यावे. डोळा ज्याकडे वळतो ते महत्त्वाचे, असे मानण्याची आपल्या मनास सवय आहे. आणि डोळा तर गंजलेल्या पोलादावर पडलेल्या उन्हाकडे वळतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. प्रवाशाने करावे तरी काय? तो जहाज ओढून काढू शकत नाही, मालकास कोर्टात खेचू शकत नाही, बंधारा बांधू शकत नाही. त्याने डोळे मिटून पुढे जावे, असे कोणी म्हणेल तर ते ढोंग होईल. न पाहिल्याने मिऱ्याचा एकही दगड जागेवर येणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी कोल्हापूरकराने क्षणभर स्वतःकडे पाहावे. पंचगंगेचा पूर पाहावयास जाणे हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. नदी पात्राबाहेर पडली की माणसे कुटुंबासह काठावर जातात, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली याची चर्चा करतात, आणि त्या चर्चेत थोडी भीती व पुष्कळसा उत्साह असतो. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, चिखली-आंबेवाडीसारखी गावे पाण्याखाली गेली, आणि जे एरवी काठावरचे प्रेक्षक होते त्यांपैकी कित्येक स्वतःच दृश्य झाले. छपरावर बसलेल्या माणसास आपल्याकडे रोखलेला कॅमेरा कसा दिसतो, हे त्यांस कळले. त्यांच्या मनात तेव्हा काय आले असेल? 'चित्र घेऊ नका' असे बहुधा आले नसेल. चित्रामुळेच मदत पोचते, हे त्यांस ठाऊक होते. काठावरच्या माणसाने 'तुम्ही कोण, घरात किती जण, जनावरांचे काय झाले' एवढे तरी विचारावे, असे मात्र खास वाटले असेल. पाहणे आणि विचारणे यांतील हे अंतर ज्यास पाण्यातून दिसले, त्याने ते मिऱ्याच्या काठावर विसरू नये.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर साधे आहे. पाहणाऱ्याकडून जहाज ओढण्याची अपेक्षा कोणी करीत नाही, 'हे कोणाचे?' हा प्रश्न विचारण्याची अपेक्षा मात्र रास्त आहे. तो विचारण्यास पैसा लागत नाही. जवळच्या घरातील माणूस त्याचे उत्तर आनंदाने देतो, कारण त्यास बहुधा कोणीच विचारलेले नसते. या प्रश्नाने सुटलेल्या गाठी पुन्हा बांधल्या जातात, आणि तरीही चित्र घेण्यास मनाई होत नाही.

गाठी बांधलेल्या असल्या तर आनंदच नाहीसा होईल, ही भीती मात्र तितकीशी खरी नाही. अटलांटिक महासागरातील फ्युएर्तेव्हेन्तुरा बेटाच्या किनाऱ्यावर १८ जानेवारी १९९४ रोजी 'अमेरिकन स्टार' नावाचे जुने प्रवासी जहाज येऊन आदळले. १९४० मध्ये ते 'अमेरिका' या नावाने प्रवासास निघाले. महायुद्धात त्याने सैनिक वाहून नेले. १९६४ नंतर 'ऑस्ट्रेलिस' या नावाने युरोपातून ऑस्ट्रेलियास देशांतर करणाऱ्या हजारो कुटुंबांस त्याने नव्या देशी पोचविले. अखेरीस थायलंडात त्याचे उपाहारगृह व निवासगृह करावे म्हणून ओढून नेत असता वादळात दोर तुटले. थोड्याच दिवसांत ते दुभंगले, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे समुद्र त्याचे तुकडे गिळत असताना युरोपभरचे प्रवासी त्याची चित्रे घेत होते. त्यांतील एखादे चित्र मेलबर्नमधील एखाद्या वृद्धेच्या हाती पडले, तर लहानपणी ज्या कठड्यास धरून तिने मायदेशाचा किनारा दिसेनासा होताना पाहिला, तो कठडा ती त्यात शोधील. प्रवाशास त्या चित्रात विनाशाची भव्यता दिसली. तिला आपले आयुष्य दिसेल. तिचा अनुभव कमी सुंदर म्हणावा काय? आम्हांस तर तो अधिक भरीव वाटतो, आणि त्यातील एकही गाठ सुटलेली नाही.

गडमुडशिंगीच्या माणसास अशा अनुभवासाठी फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. युद्धाने देशोधडीस लावलेली ती माणसे, त्यांत बायका-मुलेच अधिक, येथे शाळा आणि प्रार्थनामंदिर उभारून राहिली. पुढे त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी बांधव येऊन वसले आणि गांधीनगर झाले. छावणीच्या मूळ वास्तूंपैकी आज फारच थोडे शिल्लक आहे. कपड्यांच्या खरेदीस गांधीनगरात येणारा मनुष्य त्या अवशेषांकडे वळूनही पाहत नाही, कारण त्यांत चित्र घेण्याजोगे काही नाही. परंतु २०१९ मध्ये त्या छावणीत बालपण घालविलेले काही वृद्ध सातासमुद्रापलीकडून पुन्हा येथे आले, तेव्हा त्यांना पाहण्यासारखे पुष्कळ होते. वस्तू तीच असून एकास ती दिसली नाही व दुसऱ्यास दिसली. फरक होता तो माहितीचा आणि नात्याचा. नाते जन्मानेच मिळते असे नाही. वळिवड्यात जो थांबून विचारतो त्यासही त्यातील थोडे मिळते.

म्हणून भग्न जहाजापाशी थांबणाऱ्यास आम्ही परत फिरवणार नाही. त्याने थांबावे, पाहावे, हवे तर चित्रही घ्यावे. मात्र चौकट धरण्यापूर्वी एकदा मागे वळून गावाकडे पाहावे आणि तेथील कोणास तरी विचारावे. तेरा खलाशी वाचले, ही चांगली बातमी त्यास मिऱ्यास कळली असती. जहाज मागे राहिले आणि बंधारा खचू लागला, ही वाईट बातमीही कळली असती. घरी गेल्यावर चित्र दाखविताना त्याच्याजवळ सांगण्यास काही असते, आणि ऐकणाऱ्या मुलास समुद्राकाठीही माणसे राहतात हे समजले असते. इतके कळल्यावर चित्राची मोहिनी काहीशी उणावेल, हे आम्ही नाकारीत नाही. दुसऱ्याच्या नुकसानाकडे पाहून मिळालेल्या आनंदापोटी तेवढे देणे देण्यास सुसंस्कृत मनुष्याने का कू करू नये.